हैदराबादचं ट्रायल

अकोल्यात मला खोली भाड्यानं द्यायच्या आधी मास्टरांनी माझं ट्रायल घेतलं. "मॅडम, आठ रोज राहून पाहा," ते म्हणाले. "ट्रंक खाली करू नका, भिंतीत खिळा ठोकू नका. कच्च्या टाक्यात राहा. जमलं तं पक्की शिलाई मारू, नाई जमलं तं उसवून टाकू. तुमाले तकलीफ नाई, मले बी नाई."

मी पुण्याहून एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला आले होते. भाडं आणि डिपॉझिट सोडून घरमालक तिसऱ्या कशाबद्दल बोलतो, हेच मला नवीन होतं. आठ दिवस मी स्वतःच्याच ट्रंकेतले कपडे चोरासारखे काढून घालत राहिले. मग एका सकाळी मास्टर वर आले. खिडकी उघडून-लावून पाहिली, दोरीवरच्या साड्यांकडे पाहिलं, मला दाराशी उभं केलं, चार पावलं मागं सरून डोळे बारीक केले आणि म्हणाले, "खांद्यात जरा टाइट हाय, पण बसते." हे माझ्याबद्दल होतं की खोलीबद्दल, ते मी कधीच विचारलं नाही.

खाली त्यांचं दुकान, मागं घर, वर मी. कोट-पँट शिवणारा त्यांच्यासारखा माणूस त्या भागात दुसरा नव्हता. त्यांना नाव नक्कीच असणार, रेशनकार्डावर तरी. पण सगळा मोहल्ला त्यांना मास्टरच म्हणे, त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभीसुद्धा. गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे त्यांचं निम्मं बोलणं आतच राहायचं, आणि भाभींच्या मते तेच बरं होतं. दुकानात अर्धेमुर्धे कोट टांगलेले असत, कुणाला कॉलर नाही, कुणाला एकच बाही, आणि सगळ्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके. हा कच्चा टाका. गिऱ्हाईक तसला कोट अंगात घाली, मास्टर खडूच्या रेघा ओढत, आणि मग दोऱ्याचं टोक धरून सर्रकन अख्खी बाही उपटून हातात घेत. नवख्या माणसाच्या तोंडचं पाणी पळे.

"घाबरू नका," मास्टर म्हणत. "कच्च्या टाक्यात चूक झाली तं दोरा जाते, कपडा राह्यते."

हे तत्त्वज्ञान कोटापुरतं राहिलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. मास्टरांना प्रत्येक गोष्टीचं ट्रायल लागे. ईदच्या आधी भाभींकडून ते शीरखुर्म्याचं ट्रायल करून घेत; ते इतकं उत्तम होई की मोहल्ला येऊन चाटूनपुसून जाई आणि प्रत्यक्ष ईदला सुकामेवा कमी पडे. भाच्याच्या लग्नाआधी त्याला घोडीवर बसवून एक फेरी मारून आणली. घोडीवाला वळला नवरीच्या गल्लीत. वरात आज आली की काय म्हणून तिकडे बायका पदर सावरत धावल्या आणि नवरीच्या बापाला चक्कर आली. मास्टरांचं म्हणणं, "चक्कर आजच आली ते बरं झालं, लग्नात नाई येणार." एकदा मला म्हणाले, "मॅडम, कफन हा एकच कपडा मले पसंत नाई. ना माप, ना ट्रायल."

भाभींची हिंदी, मास्टरांची वऱ्हाडी आणि राग आला की दोघांचं दोन्ही, अशी त्यांच्याकडची भाषेची वाटणी होती. मी पुण्याची, त्यामुळे पहिले काही महिने मला वाटायचं की खाली सतत भांडण चाललंय. नंतर कळलं की ते एकमेकांना चहा घेणार का विचारताहेत.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कापसाचा भाव पडला की लग्नं पुढं जातात आणि लग्नं पुढं गेली की सगळ्यात आधी नवरदेवाचा कोट रद्द होतो, हे अर्थशास्त्र मी मास्टरांच्या दुकानात शिकले. पुढं पुढं तर नवरदेव भाड्याचा कोट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मास्टर, फक्त कमरेत आवळून द्या." मास्टर तो कोट दोन बोटांत असा लांब धरत, जणू त्याला वास येतोय. गावाबाहेरची एक जिनिंग बंद पडली होती. जिथं पूर्वी कापसाच्या गाड्यांची रांग लागायची त्या आवारात आता चिटपाखरू नसे. मास्टरांना ती जागा फार पसंत पडली. दर रविवारी ते तिथं विमान उडवत.

हो, विमान. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, कॉलरमधलं बकरम आणि पोटात पिळलेलं रबर. सुबक दिसायचं, पण पंख कच्च्या टाक्यानं जोडलेले. विमान झकास उठे आणि जिनिंगच्या छपराइतकं वर गेलं की एक पंख डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधला भाग विचारात पडल्यासारखा खाली येई.

"एक बार पक्का सिल के उडाओ ना!" भाभी ओरडत.

"पक्कं केलं आन् पडलं तं?" मास्टर म्हणत. त्यांच्या मनात एकच हौस होती. हैदराबादला छंदाच्या सामानाचं एक दुकान आहे आणि तिथं मुठीत मावेल असं विमानाचं खरं इंजिन मिळतं, असं एका गिऱ्हाइकानं त्यांना माप देता देता सांगितलं होतं. त्या गिऱ्हाइकाची पँट त्या दिवशी चुकीची मापली गेली.

आणि हैदराबादचं नाव घरात दुसऱ्याही तोंडी होतं. सलमा ही त्यांची एकुलती एक पोरगी. माझ्या वर्गात होती तेव्हा मराठीच्या पुस्तकाखाली इतिहासाचं पुस्तक धरून बसायची. पुढं बी.ए. झाली आणि तिनं जाहीर केलं की प्राचीन इतिहासात एम.ए. करायचं, तेही हैदराबादला, वसतिगृहात राहून. प्राचीन म्हणजे प्राचीन. सातवाहनांच्या नंतरचं सगळं तिला आजच्या वर्तमानपत्रात आल्यासारखं वाटे. कुणी बाळापूरचा किल्ला दाखवतो म्हणालं तर म्हणे, "तो तं कालचा हाय."

नाही म्हणणारे बाप मी पाहिले होते, हो म्हणणारेही पाहिले होते. मास्टर यातलं काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी टाचण्या तोंडातून काढून पिनकुशनला खोचल्या आणि म्हणाले, "शहर अंगाले बसते का पाहू. पैले सगळे मिळून जाऊ, चार रोज. सकाळी तुह्या जुन्या वस्तू पाहू, दुपारी माह्यं दुकान."

"और मैं?" भाभींनी विचारलं.

"तू दोन्हीकडं."

"मेरे को बैठने की जगह बता दो, बस."

साक्षीदार म्हणून मलाही न्यायचं ठरलं. सलमाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम. पण मास्टरांचं पुढचं वाक्य यायचं होतं. "एवढी मोठी सफर, बिना ट्रायल कशी करता येईन? हैदराबादचं ट्रायल अमरावतीले घेऊ."

अमरावतीच का, हेही त्यांच्याकडे तयार होतं. जुन्या अमरावतीभोवती परकोट आहे, म्हणजे दगडी तट, आणि तो निजामाच्या काळातला. "निजामाची भिंत तिकडं, निजामाची भिंत इकडं. कपडा एकच, फक्त माप लहान," मास्टर म्हणाले. बिर्याणीच्या जागी गिला वडा, चारमिनारच्या जागी जवाहर गेट. म्युझियमची तेवढी अडचण होती. हैदराबादच्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, सलमाला ती पाहायची होती, आणि भाभी मुडदा पाहून घाबरतील अशी मास्टरांना काळजी. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी दुकानातल्या लाकडी पुतळ्याला पांढरं अस्तर गुंडाळलं, दिवा कमी केला आणि भाभींना बोलावलं.

भाभींनी पुतळ्याकडे वरून खाली पाहिलं. "छाती तो बत्तीस की ही है अभी तक," त्या म्हणाल्या आणि भाजी करपेल म्हणून निघून गेल्या. मास्टरांनी ममी पास केली.

अमरावतीला आम्ही चौघं सामानसुमान घेऊन गेलो. एका दिवसासाठी चार दिवसांच्या बॅगा, कारण हैदराबादला तेवढ्याच असणार. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं चालले?" मास्टर म्हणाले, "हैदराबादले." ती बाई बडनेऱ्यापर्यंत आम्हाला समजावत राहिली की ही गाडी हैदराबादला जात नाही. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरावं लागतं; तिथं आम्ही सगळे उतरलो तेव्हा तिला आपलं समजावणं कामी आल्यासारखं वाटलं.

आधी दुपारच्या दुकानाचं ट्रायल झालं. एका खेळण्यांच्या दुकानात जाऊन मास्टरांनी ऐटीत विमानाचं इंजिन मागितलं. दुकानदारानं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "काका, इंजिन पायजे तं मोटारपंपाच्या दुकानात जा. तिकडं सध्या कोनी गिऱ्हाईक नाई, तो तुमाले बसवून चहा पाजन." आम्ही गेलो नाही, पण भाभींनी पत्ता विचारून ठेवला, बसायची सोय म्हणून.

मग खरं ट्रायल. सलमानं परक्या शहरात एकटीनं जवाहर गेटपासून स्टेशनपर्यंत यायचं, कुणाची सोबत नाही. मी आणि भाभी रिक्षानं पुढं जाऊन फलाटावर बसलो. मास्टर मात्र तिच्या मागावर, लपतछपत, हातगाड्यांच्या आडून. ही त्यांची योजना तिला माहीत नव्हती असं फक्त त्यांनाच वाटत होतं.

सलमा वेळेच्या बरीच आधी आली. वाटेत तिनं गिला वडा खाल्ला होता, आमच्यासाठी बांधूनही आणला होता. मास्टरांचा पत्ता नाही. गाडी आली, गाडी गेली. भाभी दुआ पुटपुटायला लागल्या. शेवटी सलमाच त्यांना शोधायला परत गेली आणि ज्या अवस्थेत ते तिला सापडले ती तिच्याच तोंडून ऐकण्यासारखी होती. परकोटाच्या आतल्या एका बोळात मास्टर एका कापडाच्या दुकानाच्या आडोशाला उभे होते. गळ्यात टेप. दुकानदाराचा टेलर त्या दिवशी आला नव्हता, समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं. त्यानं हाक मारली, "ओ मास्टर, तेवढं याईचं माप घ्या ना!" आता समोर माणूस उभा आहे, त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे, आणि गळ्यात टेप आहे. मास्टरांच्यानं राहवेना. त्याचं झालं, मग त्याच्या भावाचं, मग दुकानदारानं स्वतःचंही घेऊन घेतलं. सलमा पोचली तेव्हा मास्टर चहा पीत होते आणि त्या माणसाला त्याच्या खांद्याबद्दल डॉक्टरला दाखवायचा सल्ला देत होते.

परतीच्या गाडीत भाभी म्हणाल्या, "लडकी पास, बाप फेल."

"ट्रायलच बिघडलं," मास्टर म्हणाले. "दुसरं घ्या लागन. बाळापूरले जाऊ. तिथला किल्ला म्हणजे गोलकोंडाच समजा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस हैदराबादची तयारी करत नव्हता, हैदराबाद टाळत होता. बाळापूर झालं, मग परत अमरावती, मग पावसाचं कारण, मग भाभींच्या गुडघ्याचं. प्रवेशाची मुदत सरत आली. सलमा रडली नाही, भांडलीही नाही. एका संध्याकाळी ती दुकानात आली. मास्टर एका भाड्याच्या कोटाची कमर आवळत होते.

"अब्बा, तुमीच सांगता ना, ट्रायलवर ट्रायल झाले का गिऱ्हाईक दुसऱ्या टेलरकडं जाते?"

मास्टरांचा हात थांबला. मग त्यांनी कोट बाजूला ठेवला, चपला घातल्या आणि स्टेशनवर जाऊन चार तिकिटं काढून आणली.

हैदराबादला पहिल्या सकाळी आम्ही ममीसमोर उभे राहिलो. सलमा काचेला नाक लावून. भाभींनी बाक शोधला होता. मास्टर त्या गुंडाळलेल्या पट्ट्या वाकून वाकून पाहत होते, शिवण कुठं आहे ते शोधत. "कुठंच पक्कं नाई," ते माझ्या कानात म्हणाले. "हजारो वर्सापासून बिचारी ट्रायलमधीच हाय." आम्ही दोघं इतके हसलो की तिथला पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. मग मास्टर एकदम हसायचे थांबले आणि पुन्हा एकदा त्या पट्ट्यांकडे पाहत राहिले.

दुपार त्यांच्या दुकानाची होती. "तुमाले त्यातलं समजत नाई, मी एकटाच जातो," म्हणून ते गेले. भाभींना एका हिरवळीवर झाडाखाली बसवून मी आणि सलमा विद्यापीठात फॉर्म द्यायला गेलो. येताना मुलींच्या वसतिगृहावरून वाट होती. सलमानं एकदम माझा हात धरून मला मागं ओढलं.

फाटकापाशी मास्टर होते. त्यांनी टेप काढली होती आणि ते कंपाउंडच्या भिंतीची उंची मापत होते. टेपचं दुसरं टोक वसतिगृहाच्या म्हाताऱ्या वॉचमननं जमिनीशी धरलं होतं आणि तोही गंभीर होता. उंची झाली, मग फाटकाची रुंदी झाली. मग मास्टरांनी कडी लावून-काढून पाहिली, जशी माझी खिडकी पाहिली होती, आणि चार पावलं मागं सरून डोळे बारीक केले.

"मॅडम, चला," सलमा हळूच म्हणाली. "त्याईचं ट्रायल चालू हाय. डिस्टर्ब नको." ती हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. मलाही भरून आलं, उगाच लपवत नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "मिळालं का इंजिन?"

"दुकान बंद होतं," मास्टर म्हणाले. मग भाभींकडे वळून, "भिंत चांगली उंच हाय इकडं."

प्रवेश मिळाला. सलमा जायच्या दिवशी अकोल्यात अजून ऊन मी म्हणत होतं, आणि मास्टरांनी तिला फलाटावर लोकरीचा कोट घातला. प्राचीन इतिहासाचे प्रोफेसर कोट घालतात अशी त्यांची समजूत होती. कापड उंची, बेत सुंदर, आणि वरपासून खालपर्यंत पांढरे कच्चे टाके.

"अब्बा, हा तं कच्चाच हाय!"

"टाइमच नाई भेटला. आता घालून पाहा, ईदले आली का पक्का करून देतो."

टाइम नाही भेटला! त्या महिन्यात दुकानात एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं, आणि लगीनसराईत याच माणसानं एका बैठकीत कोट उतरवलेले मी पाहिले होते. भाभींनी आणि मी एकमेकींकडे पाहायचं टाळलं. सलमानं कोटाच्या बाहीवरून हात फिरवला, "बरं," म्हणाली आणि गाडीत चढली.

नंतरचे महिने मास्टर विमानं उडवायला गेले नाहीत. मला त्यांची दया येई आणि थोडा रागही येई. पोरगी शिकायला गेली होती, काही लढाईवर नव्हती गेली. पण त्यांच्यापुढं हे बोलायची माझी टाप नव्हती.

ईदला सलमा आली. सलाम-दुआ झाली, शीरखुर्मा झाला आणि तिनं तो कोट दुकानातल्या टेबलावर आणून पसरला. मी तिथंच होते. कोट पक्का शिवलेला होता. मास्टरांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा लावला, कोट उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत गेले.

"कोन्या टेलरनं केलं?"

"मी. होस्टेलात एकीची मशीन हाय."

"टाका वाकडा हाय."

"हौ."

अंगठा डाव्या बाहीपाशी येऊन थांबला. तिथं तो लांबलांब पांढरा दोरा तसाच होता.

"आन् हे?"

"ते तुमचं ठेवलं," सलमा म्हणाली. "सगळंच माह्यं मी केलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

मास्टरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि सर्रकन बाही उपटून हातात घेतली. भाभींनी मशीनवरचं फडकं काढून ठेवलं, पक्की शिलाई मारायची म्हणून. मास्टर मशीनकडे गेलेच नाहीत. त्यांनी बाही खांद्याला लावली, जरा फिरवली, पुन्हा लावली, सुईत पांढरा दोरा ओवला आणि परत लांब लांब कच्चे टाके घालायला बसले.

"खांद्यात जरा झोल हाय," ते मान वर न करता म्हणाले. "अजून एक ट्रायल लागन."

"बकरीदले येतो मंग," सलमा म्हणाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सलमा तिकडंच एका कॉलेजात शिकवते. तो कोट घालून वर्गावर जाते, आणि डाव्या खांद्यावरच्या पांढऱ्या दोऱ्याला तिच्या विद्यार्थिनी फॅशन समजतात. मी पुण्याला परत आले तरी ईदला अकोल्याची एक फेरी करते. बाहीचं ट्रायल दर वेळी होतं आणि दर वेळी कुठं ना कुठं झोल सापडतो. मास्टरांना आता सुईचं नेढं दिसत नाही. त्यांना सुई ओवून देतात त्या भाभी. मशीनवरचं फडकं त्या आता काढत नाहीत. सलमाची रिक्षा दाराशी थांबली की कच्च्या दोऱ्याचं रीळ आपणहून टेबलावर आणून ठेवतात.